स्मार्टवॉच : ॲल्युमिनियम घ्यायचं की स्टील?

माझं पहिलं स्मार्टवॉच ॲल्युमिनियमचं होतं. चाललं साडेतीन वर्षं, पण दिसायला ते आठ महिन्यांतच म्हातारं झालं. आता मनगटावर स्टीलचं आहे, तेही कुणीतरी वापरलेलं. या दोन खरेद्यांच्या मधे मला जे उमगलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर थोडे पैसे आणि बरीच चिडचिड वाचली असती. ऑफिसात कोणी घड्याळ घ्यायला निघालं की हल्ली माझ्याकडे येतं आणि मी दर वेळी तीच टेप लावते. म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

एक गोष्ट आधीच सांगते. दुकानात विचारतात, 'ॲल्युमिनियम देऊ की स्टील?' पण त्या एका उत्तरात तुम्ही काच, वजन, सिमची सोय (मोबाइल जवळ नसतानाही घड्याळावरून फोन) आणि किंमत असं सगळं एकदम ठरवून बसता. धातूचा नंबर खरं तर शेवटचा.

बसण्याआधी हे जवळ घ्या: स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, दहा रुपयांची दोन नाणी, मनगट मोजायला कागदाची पट्टी, आणि हातात रोज जे घालता ते (बांगड्या, कडं, जुनं घड्याळ). मोबाइल कुठला आहे तेही लक्षात असू द्या. ॲपल वॉच आयफोनशिवाय सुरूच होत नाही आणि सॅमसंगची २०२१ पासूनची गॅलेक्सी वॉच आयफोनला जोडता येत नाहीत. निम्मी निवड इथेच संपते.

१. भांड्यांचं कपाट उघडा

ॲल्युमिनियमचा जुना टोप आणि स्टीलचा जुना डबा शेजारी ठेवा. टोपाला पोचे पडलेले दिसतील. डब्याला पोचे कमी, पण उजेडात तिरका धरला की बारीक ओरखड्यांचं जाळं दिसेल. घड्याळाचंही हेच होतं. ॲल्युमिनियम आपटलं की कोपरा दबतो किंवा टवका उडतो. स्टील आपटलं तर बहुधा निभावतं, पण रोजच्या घासण्याने त्यावर केसासारख्या रेघा येतात. चकचकीत पॉलिश केलेल्या स्टीलवर त्या पहिल्याच आठवड्यात येतात. तेव्हा रडू नका. सहा महिन्यांनी इतक्या झालेल्या असतात की एकेक वेगळी दिसत नाही.

घड्याळातलं ॲल्युमिनियम टोपासारखं उघडं मात्र नसतं. काळी हार्ड ॲनोडाइज्ड कढई असते ना, तीच युक्ती. विजेच्या प्रक्रियेने धातूच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कठीण थर वाढवतात, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग भरतात आणि छिद्रं बंद करतात. हा थर चांगलाच कडक असतो, त्यामुळे किरकोळ घासाघाशीत ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा बरं दिसतं. पण थर पातळ आणि त्याखालचा धातू मऊ. जोराचा टोला बसला की थरासकट पोचा पडतो आणि रंगाखालचा पांढरा धातू डोकावतो. तो डाग पुसता येत नाही, पॉलिशही करता येत नाही.

२. धातूआधी काच बघा

माझी खरी चूक इथे झाली. मी रंग बघत बसले आणि काच कुठली आहे हे विचारलंच नाही. आमच्या इमारतीचा जिना अरुंद आहे. खांद्याला पर्स, हातात डबा, आठ वाजून काही मिनिटांची लोकल, आणि डावा हात रोज भिंतीला घासायचा. लोकलच्या दांड्याने काचेला काही होत नाही, स्टील काचेपेक्षा मऊ असतं. काच चरते ती वाळूने. वाळूतला क्वार्ट्झ खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्‌ज मापावर ७ येतो. भिंतीच्या गिलाव्यात वाळू, ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, चौपाटीवर तर विचारूच नका. साधी कडक केलेली काच यापुढे हरते.

सफायर काच त्याच मापावर ९. सफायर म्हणजे नीलमच. शनीसाठी अंगठीत घालतात त्याच खड्याचा बिनरंगी, कारखान्यात वाढवलेला भाऊ. वाळू त्याला चरत नाही. पण तो ठिसूळ असतो, फरशीवर काठावर आपटला तर तोही फुटतो, आणि उन्हात त्यावर थोडी जास्त चकाकी येते.

कुठल्या धातूबरोबर कुठली काच मिळते हे कंपनीगणिक बदलतं:

ॲपलने पहिल्यापासून (२०१५) ॲल्युमिनियमला आयन-एक्स नावाची कडक केलेली काच आणि स्टीलला सफायर दिली. तिथे स्टीलचे जादा पैसे देणारा बराचसा काचेचे पैसे देत असतो.

सॅमसंगने २०२२ च्या गॅलेक्सी वॉच ५ पासून ॲल्युमिनियमच्या घड्याळालाही सफायर बसवली. मग तिथे निव्वळ काचेसाठी स्टीलकडे जायचं कारण उरत नाही.

वनप्लसची जोडी मला शिकायला सगळ्यात चांगली वाटते. २०२४ मध्ये आलेलं वॉच २ स्टीलचं, सफायर काचेचं. काही महिन्यांनी आलेलं वॉच २आर ॲल्युमिनियमचं, साध्या काचेचं. आतला मामला जवळपास सारखाच. भारतात आली तेव्हा किमती २४,९९९ आणि १७,९९९ रुपये होत्या. म्हणजे काच आणि धातू मिळून सात हजार.

माझं स्पष्ट मत: हात भिंती, ओटे, यंत्रं यांना लागत असेल तर सफायर घ्या, मग धातू कुठलाही असो. हात दिवसभर की-बोर्डवर असेल तर साधी काच पुरते.

३. वजन मनगटावर तोला

ॲल्युमिनियमची घनता घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, स्टीलची ८ च्या आसपास. म्हणून स्टीलचं घड्याळ तिप्पट जड होईल असं नाही, कारण आत बॅटरी आणि काच असतेच. पण फरक जाणवतो. ॲपलच्या सिरीज ९ मध्ये ४१ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम सुमारे ३२ ग्रॅम आणि स्टील ४२. ४५ मिलिमीटरमध्ये हेच आकडे ३९ आणि ५१.५. वनप्लसच्या जोडीत पट्ट्याशिवाय ३७ आणि ४९. गूगलने पहिलं पिक्सेल वॉच स्टीलचं काढलं आणि दुसऱ्याला ॲल्युमिनियमवर आलं, वजन ३६ वरून ३१ वर.

आता ती नाणी काढा. दहाचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं, म्हणजे धातूमुळे वाढणारं वजन दीड नाण्याच्या आसपास. जुन्या घड्याळावर दोन नाणी चिकटपट्टीने बसवा आणि एक रात्र तसंच झोपा. हसू नका, मी केलंय. ज्यांना झोप मोजायची आहे त्यांना याचं उत्तर एका रात्रीत मिळतं. नवऱ्याने मध्यरात्री नाणी काढून फेकली. त्याचं घड्याळ अर्थातच ॲल्युमिनियमचं आलं.

पळणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. जड घड्याळ हलतं, हललं की पाठीचा सेन्सर कातडीपासून सुटतो आणि नाडीचे आकडे वेडेवाकडे येतात. पट्टा एक भोक घट्ट करून भागतं, पण मनगट बारीक असेल तर हलकं घड्याळच बरं. सेन्सर मात्र धातूगणिक बदलत नाही. 'स्टीलवाल्यात ईसीजी जास्त अचूक' असं मला एका दुकानात ऐकवलं गेलं. एकाच मॉडेलच्या दोन धातूंमध्ये असा काही फरक नसतो.

४. हात दिवसभर काय करतो?

कागदावर खरंच लिहा. माझी यादी अशी निघाली: लोकल, ऑफिस, ओट्यावर दीड तास, शनिवारी कुंड्यांची माती, सणाला बांगड्या.

बांगड्यांबद्दल कुठेच कोणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून थोडं सविस्तर. घड्याळाच्या हातात काचेच्या बांगड्या असतील तर त्या दिवसभर केसच्या (म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या खोक्याच्या) कडेवर टकटक आपटतात. चकचकीत स्टीलवर त्याच्या रेघा उमटतात, ॲनोडाइज्ड थरावर कमी. सोन्याचं उलटं. बावीस कॅरेटचं सोनं घड्याळाच्या कुठल्याही धातूपेक्षा मऊ. झिजायचीच तर पाटली झिजेल, घड्याळ नाही. सोन्याचा भाव बघता हा तोटा घड्याळाच्या चऱ्यापेक्षा महाग. पाटल्या एका हातात, घड्याळ दुसऱ्या हातात, आणि सेटिंगमध्ये कुठल्या मनगटावर आहे ते बदलायला विसरू नका.

मोटारसायकल दुरुस्ती, सुतारकाम, वजनं उचलणं असेल तर पोचे पडणारच, म्हणून स्टील. लहान मूल कडेवर असेल तर मी ॲल्युमिनियम सांगते. जड, कडक कडा बाळाच्या डोक्याला लागते तेव्हा घड्याळाच्या चऱ्याचा विचार सुचत नाही.

५. रंगाचा सापळा

चंदेरी स्टील हा मूळ धातूचा रंग. चरे पडले तर पॉलिशच्या कापडाने बरेच घालवता येतात. काळं किंवा सोनेरी स्टील म्हणजे वरून दिलेला पातळ कठीण मुलामा. तो सहसा चरत नाही, पण चरला की खालची चांदी कायमची दिसते, आणि पॉलिश केलं तर मुलामाच निघतो. म्हणजे 'स्टील काय, घासून नवं करू' हे फक्त चंदेरीला लागू आहे.

ॲल्युमिनियममध्ये काळा आणि गडद रंग टवका सर्वात जास्त दाखवतात, चंदेरी सर्वात कमी. मी अर्थात काळं घेतलं होतं.

घरगुती प्रयोग करू नका. टूथपेस्ट, राख, तांब्या-पितळेची पावडर यांपैकी काहीही ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर घासलं तर रंगाचा थर जातो आणि पॅच दिसतो. माझ्या आईने प्रेमापोटी माझ्या घड्याळाची एक बाजू 'लख्ख' करून दिली होती. ती बाजू शेवटपर्यंत वेगळी दिसत राहिली.

६. पाणी, घाम, खारं वारं

पाणी किती सोसतं म्हणून घड्याळावर '५० मीटर' लिहिलेलं असतं, तो आकडा गॅस्केट (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि जोडांचा आहे, धातूचा नाही. त्यामुळे एकाच मालिकेतली ॲल्युमिनियमची आणि स्टीलची घड्याळं पाण्याला सारखीच. दोघांनाही गरम वाफ आणि साबण आवडत नाहीत.

गंजाबद्दल: घड्याळात सहसा ३१६एल जातीचं स्टील वापरतात. आपल्या ताटवाट्या बहुतेक ३०४ किंवा त्याहून स्वस्त जातीच्या. ३१६एलमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठामुळे पडणारे बारीक खड्डे टळतात. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमही खाऱ्या हवेत ठीक टिकतं. अडचण येते ती टवका उडालेल्या जागी, आणि ॲल्युमिनियमच्या घड्याळाला स्टीलचा पट्टा लावून समुद्रात उतरलात तर. खाऱ्या पाण्यात दोन धातू चिकटले की त्यातलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. माझा मामेभाऊ मालवणला असतो. तो घरी आला की पट्टा काढून दोन्ही नळाच्या गोड पाण्याखाली धरतो आणि पुसून ठेवतो. एवढंच पुरतं.

खोट्या कानातल्यांनी कान चिघळत असतील तर निकेलची ॲलर्जी असू शकते. ३१६एलमध्ये दहा ते चौदा टक्के निकेल असतं. ते धातूत घट्ट बांधलेलं असल्याने बहुतेकांना त्रास होत नाही, पण फार संवेदनशील कातडी असेल तर ॲल्युमिनियम आणि कापडी किंवा सिलिकॉनचा पट्टा बरा. पट्ट्याचं बक्कलही तपासा, बऱ्याचदा पुरळ त्याचंच असतं.

७. किंमत फोडून बघा

अमेरिकेत ॲपलच्या सिरीज ७ ते ९ च्या किमती अशा होत्या: ॲल्युमिनियम ३९९ डॉलरपासून, तेच सिमवालं ४९९ पासून, स्टील ६९९ पासून. स्टील फक्त सिमवालंच यायचं. म्हणजे तीनशेच्या फरकातले शंभर सिमचे, जी सोय कदाचित तुम्ही कधी वापरणारच नाही, आणि उरलेले दोनशे काच-धातूचे. कुठल्याही कंपनीच्या दोन किमती समोर आल्या की अशीच फोड करा.

दुसरा हिशेब वर्षांचा. स्टील पन्नास वर्षं टिकेल हो, पण आतली बॅटरी आणि सॉफ्टवेअर? २०१८ च्या ॲपल सिरीज ४ ला २०२४ मध्ये नवी प्रणाली मिळणं थांबलं. सहा वर्षं. २०१५ मध्ये ॲपलने अठरा कॅरेट सोन्याचं घड्याळ काढलं होतं, दहा हजार डॉलर आणि वर. त्यालाही २०१८ मध्ये नवी प्रणाली नाकारली. सोनं निदान मोडीत तरी निघतं. स्टीलच्या केसचं पुढे काही होत नाही. तेव्हा 'आयुष्यभराची वस्तू' म्हणून स्टील घेऊ नका. पाच-सहा वर्षं रोज बघायला आवडेल का, तेवढंच विचारा.

८. 'मेटल बॉडी' म्हणजे नक्की काय?

आजोबांच्या काळच्या कित्येक घड्याळांच्या पाठीवर 'स्टेनलेस स्टील बॅक' असं कोरलेलं असायचं. खरंच होतं ते. फक्त पाठ स्टीलची, बाकी पितळेवर क्रोम. शब्दांचा तोच खेळ अजून चालू आहे. दोन-तीन हजारांच्या घड्याळांवर 'मेटॅलिक', 'मेटल फिनिश', 'प्रीमियम अलॉय' असं छापलेलं असतं. बऱ्याचदा ते रंग दिलेलं जस्ताचं मिश्रण किंवा चक्क प्लॅस्टिक असतं. महाग घड्याळांतही बघून घ्या: गार्मिनच्या फेनिक्स ७ मध्ये स्टील म्हणजे वरची कडी, केस मजबूत पॉलिमरची, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकची. त्यात फसवणूक नाही, तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचायला मात्र हवं.

लोहचुंबक घेऊन दुकानात जाऊ नका. मीच गेले होते. ३१६एलला चुंबक जवळपास चिकटत नाही, ॲल्युमिनियमला चिकटत नाही, जस्तालाही नाही. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. वजनकाट्यानेही जस्त आणि स्टील वेगळं ओळखू येत नाही, दोघांची घनता जवळजवळ सारखी. तुमचा काटा छापलेलं वजन पडताळण्यापुरता. बाकी खोक्यावर 'केस मटेरियल' या ओळीत काय लिहिलंय तेच धरायचं. ओळच नसेल तर प्लॅस्टिक समजून भाव करा.

९. आज स्टील मिळतं कुठे?

ॲपलने सप्टेंबर २०२४ च्या सिरीज १० पासून स्टील बंद करून त्या जागी टायटॅनियम आणलं. ४६ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम सुमारे ३६ ग्रॅम, टायटॅनियम ४२. म्हणजे दीड नाण्याचा फरक पाऊण नाण्यावर आला. आता ॲपलचं स्टील हवं तर सिरीज ९ किंवा आधीचं, बहुतेक वापरलेलं. सॅमसंगच्या 'क्लासिक' मालिकेत स्टील आहे, पण ती घड्याळं आकारानेही मोठी असतात: ४७ मिलिमीटरचं वॉच ६ क्लासिक ५९ ग्रॅमचं. हातात घालून बघितल्याशिवाय मागवू नका.

वापरलेलं घेत असाल तर समोरच्याकडून हे मागा: मूळ जीएसटी बिल, त्यावरचा आणि घड्याळाच्या सेटिंगमधला अनुक्रमांक जुळतोय का, खोकं, चार्जर. ॲपलचं असेल तर विकणाऱ्याने तुमच्यासमोर स्वतःच्या खात्यातून काढून टाकलं पाहिजे, नाहीतर ते कुलूपबंद राहतं आणि तुमच्या हातात फक्त स्टीलचं कडं उरतं. ॲपलच्या घड्याळात बॅटरीची क्षमता सेटिंगमध्ये टक्क्यांत दिसते. ८० च्या खाली असेल तर बॅटरी बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला लावा. काचेवर नख फिरवा, मुकुट (बाजूचं फिरणारं बटण) दोन्हीकडे फिरवून दाबून बघा. आणि जुन्या घड्याळाच्या '५० मीटर'वर विसंबून पोहायला जाऊ नका, गॅस्केटही म्हातारी होतात.

नवं घेताना कागद कमी लागतात: बिल, हप्त्याने घेत असाल तर पॅन आणि आधार, सिमवालं असेल तर मोबाइलला जी कंपनी आहे तीच घड्याळावर ई-सिम देते का याची खात्री. चरे आणि पोचे नेहमीच्या वॉरंटीत बसत नाहीत, धातू कुठलाही असो. बिलाचा फोटो दुकानाबाहेर पडण्याआधी काढा. त्या गुळगुळीत थर्मल कागदावरची अक्षरं पुसट होत जातात, आणि माझं बिल वॉरंटी संपायला दोन महिने असताना कोरं झालं होतं.